वल्हांडणाचं ‘सेह’ म्हणजे कोकरूच का? बकरं चालतं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुमच्या बायबल अभ्यासाच्या ग्रुपमध्ये निर्गम १२ चालू होतं, एकाने मोबाईलवर वल्हांडणाच्या (मिसरातून सुटका झाल्याचा यहुद्यांचा सण) कोकरासाठीचा हिब्रू शब्द काढला, ‘सेह’, आणि ॲपने खाली अर्थांची रांगच लावली: कोकरू, मेंढरू, मेंढी, शेळी, लहान गुरं. मग नेहमीसारखं दोन पार्ट्या. एक म्हणतो कोकरू म्हणजे कोकरूच, त्यात बकरं घुसवू नका, दुसरा म्हणतो अहो पाचव्या वचनातच शेरडांतून घ्या असं लिहिलंय. तुम्ही विचारताय की या शब्दाचा खरा अर्थ कुठला, येशूला ‘देवाचा कोकरा’ म्हणतो तो हाच शब्द का, आणि जाता जाता, भाचीचं नाव ‘तालिया’ ठेवायचं घाटतंय तर त्याचा अर्थ कोकरू होतो का.

मी बरीच वर्षं मराठी विद्यार्थ्यांना बायबलची हिब्रू शिकवतोय आणि भाषांतराचे मसुदे तपासायचं कामही करतो, त्यामुळे हा वाद माझ्यासमोर बऱ्याचदा येतो. आणि दर वेळी गंमत अशी की दोन्ही पार्ट्या एकच गोष्ट धरून चालतात, की हिब्रूत कुठेतरी ‘कोकरू’ या शब्दाला जोडीचा एक शब्द असणारच आणि तो सापडला की काम झालं. तसा शब्द नाही. म्हणजे कोकरासाठी शब्द एक सोडून चार आहेत, पण कळपाची विभागणी आपण जिथे करतो तिथे हिब्रू करत नाही. आपल्याकडे मेंढीचं ते कोकरू आणि शेळीचं ते करडू, म्हणजे जात आणि वय दोन्ही एकाच शब्दात आलं. ‘सेह’ यातलं काहीच सांगत नाही. ना जात, ना वय, ना नर-मादी.

मग सांगतो काय? ‘सेह’ सांगतो की कळपातला एक. हिब्रूत कळपाला ‘त्सोन’ म्हणतात (त्स म्हणजे आपल्या ‘चारा’ मधला च, आजच्या उच्चारात मराठी माणसाला अजिबात अडचण येत नाही, इंग्रजी मिडियमवाल्यांना येते), आणि त्सोनमध्ये शेळ्यामेंढ्या दोन्ही येतात. त्सोन हा समूहाचा शब्द, त्यातला एक उचलला की तो सेह. हे नातं सगळ्यात स्पष्ट दिसतं ते चोरीच्या कायद्यात, मराठी बायबलात निर्गम २२:१, हिब्रू छापील प्रतीत तेच वचन २१:३७ आहे, शोधताना गोंधळू नका. तिथे म्हटलंय की कुणी बैल किंवा सेह चोरून कापला किंवा विकला तर बैलाबद्दल पाच गुरं आणि सेहबद्दल चार त्सोन भरून द्यायचे. चोरीला गेला तो सेह, भरपाई त्सोनमधून. आता हा कायदा फक्त कोकरं चोरणाऱ्यांसाठी होता आणि मोठी मेंढी चोरली तर माफ, असं तर कुणी म्हणणार नाही ना.

पारनेर-संगमनेरकडच्या एखाद्या धनगराला विचारा, रात्री लांडग्याने काय नेलं, तर तो म्हणेल ‘एक मेंढरू नेलं’. त्या क्षणी त्याला वय सांगायचं नसतं, खांडातलं एक कमी झालं हे सांगायचं असतं. सेह बराचसा तसा आहे, फक्त आपल्या ‘मेंढरू’ मध्ये शेळी येत नाही आणि सेहमध्ये येते. दावीद शौलाला सांगतो ना, सिंह किंवा अस्वल येऊन कळपातून उचलून न्यायचं (१ शमुवेल १७:३४), तिथे हाच शब्द आहे. आणि स्तोत्र ११९ च्या अगदी शेवटच्या वचनात ‘हरवलेल्या मेंढरासारखा मी भटकलो’ येतं तिथेही सेहच, तिथे मराठीत कुणी कोकरू केलं नाही आणि बरोबरच केलं.

शेळी येते याचा पुरावा हवा असेल तर अनुवाद १४:४ उघडा. खायला चालणारे प्राणी कोण ते सांगताना तिथे ‘मेंढ्यांमधला सेह आणि शेळ्यांमधला सेह’ असे शब्द आहेत. नुसत्या सेहमध्ये मेंढी ठरलेली असती तर दुसरा अर्धा भाग निरर्थक झाला असता. पण माझं सगळ्यात आवडतं वचन यहेज्केल ३४:१७. देव म्हणतो मी सेह आणि सेह यांच्यामध्ये न्याय करीन, आणि लगेच पुढे नावं घेतो, एडके आणि बोकड. शिंगांनी ढकलाढकली करणारे, पाणी गढूळ करणारे, चांगले दांडगे नर. ते पण सेह! तिथे जर ‘कोकरू आणि कोकरू यांच्यामध्ये’ असं वाचलं तर पुढच्या ओळीशी अर्थच जुळत नाही.

आता तुमच्या मुख्य वचनाकडे, निर्गम १२:५. इथे घाई करू नका, शब्दाशब्दाने बघू कारण सगळं उत्तर इथेच आहे. हिब्रू असं चालतं: ‘सेह तामीम झाखार बेन-शाना’. तामीम म्हणजे धडधाकट, काही व्यंग नसलेला. झाखार म्हणजे नर. बेन-शाना, शब्दशः ‘वर्षाचा मुलगा’, ही हिब्रूतली वय सांगायची पद्धत आहे, एक वर्षाचा. आणि मग शेवटी ‘केवासिम मधून किंवा इझ्झिम मधून घ्या’, म्हणजे मेंढ्यांतून किंवा शेळ्यांतून. बघा, लिहिणाऱ्याला नर वेगळं सांगावं लागलं, वय वेगळं सांगावं लागलं, जात वेगळी सांगावी लागली. म्हणजे सेहमध्ये यातलं काही आधीपासून नव्हतं. तुमच्या ग्रुपमधल्या दोघांनाही हवं ते या एका वाक्यात आहे, फक्त ते सेहमध्ये नाही, शेजारच्या शब्दांमध्ये आहे. कोवळं वय आहेच, पण ते बेन-शाना मधून येतं.

आपल्या मराठीत झालं काय की तिसऱ्या वचनात सेहला ‘कोकरू’ केलं, आणि मग पाचव्या वचनात त्या कोकराला शेरडांतून काढायची वेळ आली. वाचणारा अडखळतो तो इथे. मूळ वाचणारा अडखळत नव्हता.

‘वर्षाचा’ म्हणजे नेमका किती, यावर यहुदी शास्त्र्यांनी पुढे भरपूर कीस काढलाय आणि तो वाचायला मजा येते. त्यांच्या परंपरेत ‘वर्षाचा’ म्हणजे पहिल्या वर्षाच्या आतला, बारा महिने उलटले की संपलं. खालची मर्यादा लेवीय २२:२७ मधून येते, जन्मल्यावर सात दिवस आईजवळ, आठव्या दिवसापासून अर्पणाला चालतं. आणि मिश्नामध्ये (साधारण इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेला ग्रंथ) पारा नावाच्या भागात एक चर्चा आहे, की केवेस एक वर्षाचा, एडका दोन वर्षांचा, वय दिवसाला दिवस मोजायचं. मग तेरा महिन्यांचा असेल तर? तर तो केवेसमध्येही बसत नाही आणि एडक्यामध्येही बसत नाही! अशा मधल्या जनावराला नाव काय द्यायचं यावरसुद्धा तिथे मतभेद आहेत, एक जण त्याला पालगेस म्हणतो, दुसरा दुसरंच काहीतरी. ज्या लोकांना तेरा महिन्यांच्या जनावरासाठी वेगळा शब्द लागतो ते ‘कोकरू’ किती बारकाईने बघत असतील याचा अंदाज करा.

बकरं चालतं का, याचं उत्तर मग सरळ आहे. चालतं, आणि लोक वापरायचेही. २ इतिहास ३५:७ मध्ये योशिया राजाने वल्हांडणासाठी लोकांना जनावरं दिली त्यात कोकरं आणि करडं दोन्ही आहेत, मिळून ३०,०००. आणि मिश्नाच्या पेसाहिम भागात एक प्रसंग मांडलाय की मालक नोकराला सांगतो जा माझ्यासाठी वल्हांडणाचा पशू काप, पण कुठला ते सांगत नाही. नोकराने करडू कापलं, मालकाने ते खावं. कोकरू कापलं, ते खावं. दोन्ही कापली तर पहिलं कापलं ते खावं. नियम करणाऱ्यांना दोन्ही अगदी समान वाटत होते हे यातून दिसतं. हिब्रू बायबलाचं प्राचीन काळी ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनीही पाचव्या वचनात कोकरं आणि करडं असे दोन वेगळे शब्द ठेवले आहेत.

नरच का, हे कुणी विचारलं नाही पण विद्यार्थी हमखास विचारतात म्हणून सांगतो. धर्मशास्त्रीय उत्तरं बरीच देता येतील, ती मी प्रवचनकारांवर सोडतो. पण कळप सांभाळणाऱ्याच्या नजरेतून बघा, माद्या दुधासाठी आणि पुढच्या वितीसाठी ठेवायच्या असतात, नर मात्र सगळे ठेवून चालत नाही, थोडे पुरतात. त्या भागात मेंढ्या मुख्यतः हिवाळ्यात वितात, वल्हांडण येतो मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे त्या सुमाराला कळपात त्याच मोसमातली काही महिन्यांची नर पिल्लं भरपूर असणार आणि मागच्या मोसमातली वर्षाला टेकलेलीही थोडी. घरटी एक नर देणं म्हणजे कळप मोडणं नव्हतं. तरी खर्च होताच, म्हणून तर घर लहान असेल तर शेजाऱ्याबरोबर मिळून घ्या असं चौथ्या वचनात सांगितलंय.

आता बाकीचे शब्द. यातला ‘केवेस’ महत्त्वाचा, कारण शंभराहून जास्त वेळा येतो आणि बहुतेक वेळा अर्पणांच्या यादीत. गणना २८ मध्ये रोजचं अर्पण आहे, दोन केवासिम, एक सकाळी, एक संध्याकाळी. केवेस ही मेंढीचीच जात, शेळी नाही, हे लेवीय ३ वरून पक्कं होतं, तिथे सातव्या वचनात केवेस (तिथे त्याचंच ‘केसेव’ हे रूप आहे) असेल तर असं करा, बाराव्यात शेळी असेल तर तसं करा अशी सरळ फोड आहे. शिवाय केवेसच्या अर्पणात शेपटीची चरबी मुळापासून काढायला सांगितलीय, ती त्या भागातली जाड शेपटीची मेंढी, आपल्याकडच्या दख्खनी मेंढीला तशी शेपटी नसते म्हणून मराठी वाचणाऱ्याला ते वाक्य विचित्र वाटतं. केवेस साधारण तरुण असतो, पण तरी ‘वर्षाचा’ हे पुष्कळदा वेगळं लिहिलेलं असतंच, आणि ईयोब ३१:२० मध्ये केवासिमच्या लोकरीने गरिबाला ऊब मिळते, म्हणजे लोकर कातरण्याएवढा वाढलेला. याचं स्त्रीलिंगी ‘किव्सा’. नाथान दावीदाला गोष्ट सांगतो, गरिबाची एकुलती एक मेंढी, त्याच्या ताटातलं खाणारी, त्याच्या कुशीत झोपणारी, ती किव्सा, आणि तिथे लिहिणारा मुद्दाम ‘लहान’ हे विशेषण जोडतो.

याच केवेसचं एक उलटलेलं रूप आहे, ‘केसेव’, व्यंजनांची अदलाबदल, बस. अर्थ तोच. तेरा वेळा येतं. यातून काही गुपित शोधू नका.

‘ताले’ हा खरा कोवळा शब्द. फार कमी वेळा येतो पण जिथे येतो तिथे वय त्यातच आहे. शमुवेल दूध पिणारं ताले अर्पण करतो (१ शमुवेल ७:९), यशया ४०:११ मध्ये मेंढपाळ याच शब्दातली पिल्लं हाताने उचलून छातीशी धरतो. तुम्हाला ‘कोकरू’ ला सगळ्यात जवळचा हिब्रू शब्द कुठला असं विचारलं तर मी ताले म्हणेन, आणि तो वल्हांडणाच्या आज्ञेत कुठेच नाही! मिश्नातल्या त्या नोकराच्या गोष्टीत मात्र आहे. आजच्या इस्राएलमध्येही ताले म्हणजे कोकरू, मेष राशीलाही ताले म्हणतात, बेथ आल्फा इथल्या सहाव्या शतकातल्या सिनेगॉगच्या जमिनीवर राशीचक्राचं मोझॅक आहे त्यात तसं लिहिलेलंच आहे. ‘केवेस’ आज मेंढ्याला म्हणतात, वय बिय नाही.

‘कार’ म्हणजे खाऊन पिऊन लठ्ठ झालेला तरुण मेंढा. मवाबाचा राजा मेशा इस्राएलच्या राजाला १,००,००० कारीम आणि १,००,००० एडक्यांची लोकर द्यायचा असं २ राजे ३:४ मध्ये आहे. याच अक्षरांचे शब्द कुरण, उंटाचं खोगीर आणि तट फोडायचा ओंडका यांच्यासाठीही आहेत, म्हणून ॲपमध्ये कार शोधताना जपून.

यशया ५३:७ चा उल्लेख तुम्ही केला नाही पण ‘देवाचा कोकरा’ कडे जायचं तर तिथूनच जावं लागतं. हिब्रूत दोन प्राणी आहेत. कापायला नेलं जातं ते सेह, आणि कातरणाऱ्यांपुढे गप्प राहते ती ‘राहेल’, म्हणजे वाढलेली मेंढी (याकोबाच्या बायकोचं नावही हेच). मराठीत पहिल्याला कोकरू, दुसऱ्याला मेंढरू केलंय, आणि आपल्या कानाला ते इतकं बसलंय की बदला म्हटलं तर लोक नाराज होतील. पण ग्रीक भाषांतरात उलट झालंय! तिथे कापायला नेतात ते ‘प्रोबातोन’, म्हणजे मेंढरू, आणि कातरणाऱ्यापुढे आहे तो ‘आम्नोस’, कोकरू. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये तो कुशी अधिकारी रथात बसून वाचतो तो हाच ग्रीक पाठ. तेव्हा जो माणूस स्टेजवरून सांगतो की यशया ५३ मध्ये ‘मूळ शब्द कोकरू आहे’, त्याला विचारा कुठल्या मुळात आणि कुठल्या ओळीत.

योहान १:२९ मध्ये ‘देवाचा कोकरा’ साठी ग्रीकमध्ये आम्नोस आहे. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर: सेह नाही, कारण तिथे हिब्रूच नाही. प्रकटीकरणात पुन्हा वेगळा शब्द, ‘आर्निओन’, २९ वेळा, त्यातला एक सोडून सगळे ख्रिस्ताबद्दल. मराठीत सगळीकडे कोकरा झाल्यामुळे हे दिसत नाही. यात भाषांतरकारांना दोष देत नाही, उलट ‘कोकरू’ नपुंसकलिंगी असताना ‘कोकरा’ हे पुल्लिंगी रूप वापरून त्यांनी इथे माणसाबद्दल बोलणं चाललंय हे छान सांभाळलंय.

एक थिअरी तुम्हाला नेटवर दिसेल, की योहान बाप्तिस्मा करणारा अरामीत बोलला असणार, अरामीत ‘तल्या’ म्हणजे कोकरूही आणि मुलगा किंवा सेवकही, तेव्हा मूळ वाक्य ‘देवाचा सेवक’ असं होतं आणि यशयाच्या सेवकाशी ते जोडायचं. विसाव्या शतकात योआखिम येरेमियास या जर्मन अभ्यासकाने हे जोरात मांडलं. तल्याचे दोन्ही अर्थ खरे आहेत, मार्क ५:४१ मधलं ‘तलीथा कूम’ त्याच घरातलं, मुली ऊठ. पण आपल्या हातात जो मजकूर आहे तो ग्रीक आहे आणि त्यात स्वच्छ कोकरू आहे. मला ही कल्पना आकर्षक वाटते, वर्गात सांगतो, भाषांतरात किंवा प्रवचनाच्या मुख्य मुद्द्यात घालू देणार नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र मी अजिबात चालवून घेत नाही. केवेस हा शब्द ‘दाबणे, सत्तेखाली आणणे’ या अर्थाच्या ‘कावश’ वरून आला, म्हणून कोकरू म्हणजे शरण गेलेला, असं फॉरवर्ड फिरतं. केवेसमध्ये स आहे आणि कावशमध्ये श. हिब्रूत दोन्हींसाठी अक्षर एकच, टिंब डावीकडे की उजवीकडे एवढाच फरक, त्यामुळे बिनटिंबाचं सारखं दिसतं. अरबीत याचा सख्खा भाऊ आहे ‘कब्श’, त्याचा अर्थ चांगला वाढलेला मेंढा, त्यात शरण बिरण काही नाही. जुन्या रब्बींनीही असा खेळ केलाय, शम्मायच्या शिष्यांची शाळा म्हणते केवासिम पापं दाबून टाकतात, हिल्लेलची म्हणते धुऊन काढतात, कारण ‘धुणे’ चं क्रियापदही कानाला तसंच लागतं. पण आपण शब्दावर कोटी करतोय हे त्यांना नीट माहीत होतं. फॉरवर्ड करणाऱ्याला नसतं.

ॲपबद्दलही थोडं. सेहपुढे तुम्ही बघितलात तो ७७१६ नंबर स्ट्राँगच्या बायबल शब्दसूचीतला, ती १८९० ची. त्यात शब्दाखाली जी रांग असते ती बहुतांशी इंग्रजी किंग जेम्स बायबलात त्या शब्दाला कुठे कुठे काय वापरलं याची यादी असते. ती वाचून ‘या शब्दाचे पाच अर्थ आहेत, आपल्याला आवडेल तो घ्या’ असं करायचं नसतं. नंबरवर टॅप करून तो शब्द आणखी कुठे कुठे आलाय ती वचनं उघडा, सेह पन्नासच्या आसपासच आहे, एका संध्याकाळी सगळी वाचून होतात. डिक्शनरीपेक्षा त्यातून जास्त कळतं.

मग भाषांतरात काय लिहायचं? इथे मात्र कशासाठी लिहिताय त्यावर अवलंबून. उपासनेत वाचायचं असेल तर निर्गम १२:३ ला ‘कोकरू’ राहू द्या, लोकांच्या ओठावर बसलंय आणि पाचवं वचन खुलासा करतंच. अभ्यासाच्या प्रतीत मी ‘कळपातला एक पशू’ किंवा ‘शेळ्यामेंढ्यांतला एक’ सुचवतो. मसुदा लिहिणारे सुरुवातीला वैतागतात, म्हणतात वाक्य रुक्ष झालं. झालं, खरं आहे. पण उत्पत्ती २२ मध्ये याचा फायदा दिसतो. इसहाक विचारतो होमार्पणासाठी सेह कुठे आहे, अब्राहाम म्हणतो सेह देव स्वतः बघेल, आणि झुडपात शिंगं अडकलेला सापडतो तो ‘अयिल’, एडका. मराठी वाचणारी मुलं दर वेळी विचारतात, सर कोकरू सांगितलं होतं ना, मग एडका कसा आला? हिब्रूत हा प्रश्नच नाही. मुलाने अर्पणाचा पशू विचारला, अर्पणाचा पशू मिळाला, एडकाही सेहच. काही जण मग यावर मोठा सिद्धांत बांधतात की कोकरू अजून यायचं बाकी होतं. विश्वास म्हणून ते त्यांचं वाचन असू दे, पण ‘हिब्रूत तसं आहे’ असं म्हणू नये, कारण हिब्रूत तसं नाही.

तुमच्यापैकी कुणाला मूळ हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी बघायची हौस असेल तर एक आपल्याच भाषेतली गोष्ट आहे. कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांसाठी वल्हांडणाच्या रात्री वाचायची हाग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये छापली गेली, पुण्यात १८७४ मध्ये दुसरी. यहुद्यांच्या घरी आता त्या रात्री पशू कापत नाहीत, सन ७० मध्ये मंदिर पडलं तेव्हापासून ते अर्पण थांबलं, ताटात एक भाजलेलं हाड ठेवतात तेवढंच. गरिझीम डोंगरावर शोमरोनी (समॅरिटन) लोक मात्र अजून दरवर्षी मेंढरं कापून खड्ड्यात भाजतात. आणि पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबल, त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये पूर्ण छापलं गेलं, तेही मिळालं तर अशा शब्दांसाठी जरूर ताडून बघा.

ग्रुपवर टाकायला थोडक्यात हवं असेल तर एवढं टाका: सेह म्हणजे शेळ्यामेंढ्यांच्या कळपातला एक, वय-जात-लिंग शेजारच्या शब्दांवरून. केवेस म्हणजे मेंढीच्या जातीचा, अर्पणाच्या याद्यांमध्ये साधारण वर्षाच्या आतला. ताले म्हणजे कोवळं पिल्लू. वल्हांडणाला नर, व्यंग नसलेला, वर्षाचा, मेंढीचा किंवा शेळीचा, दोन्ही चालतं. म्हणजे तुमच्या ग्रुपमधला दुसरा गृहस्थ बरोबर आहे.

राहिलं भाचीचं नाव. तालिया दोन प्रकारे लागतं. एक, ‘ताले’ चं स्त्रीलिंगी, कोकरू, मादी. दुसरं, ‘ताल’ म्हणजे दव आणि शेवटी ‘या’ हे देवाच्या नावाचं रूप, देवाचं दव. हिब्रूत दोन्हींचं स्पेलिंग एकच होतं, त, ल, य, ह, त्यामुळे नाव बघून कुठलं ते ठरवता येत नाही, ठेवणाऱ्याने जे मनात धरलं ते. बारशाला आजीने अर्थ विचारला की दव सांगा, जास्त प्रश्न येत नाहीत.